दुसरा राखाडी

साळवी बाई ‘मला वाटतं’ असं कधी म्हणत नसत. एक तर ‘दिसतं’ म्हणत, नाहीतर ‘दिसत नाही’. पोलादपूरच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये कोणी सहज म्हणालं की आज गाडी उशिराच येईलसं वाटतंय, तर बाई उठून व्हरांड्यात जात, रस्त्याकडे बघून येत आणि ‘अजून दिसत नाही’ एवढंच बोलून वह्या तपासायला बसत. आम्ही हसायचो. त्यांना त्याचं काही नसे.

त्यांची आणखी एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून तिची खालची बाजू बघायच्या. चहाची कपबशी, पाटी, हळदीकुंकवात मिळालेला स्टीलचा डबा, काहीही. एकदा शाळेला कोणी पाहुण्यांनी संगमरवरी फुलदाणी भेट दिली. भाषणं चालू असतानाच बाईंनी ती टेबलावर आडवी करून खालून बघितली आणि परत उभी ठेवली. मुख्याध्यापकांनी नंतर विचारलं, “काय बघितलंत?” बाई म्हणाल्या, “खालून पोकळ आहे.” आणि त्यात टोमणा नव्हता.

आम्ही दोघी महाडला एकाच इमारतीत राहायचो. मी पहिल्या मजल्यावर, त्या दुसऱ्या. सकाळी एकाच एसटीने पोलादपूरला जायचं, संध्याकाळी एकाच एसटीने परत. शाळेत त्या साळवी बाई आणि मी वैद्य बाई. इमारतीची पायरी चढलो की त्या कमलताई आणि मी मंगल. वयाने त्या मोठ्या, म्हणून मला अगं-तूगं करत.

शाळेच्या मुलींचं एक छोटं वसतिगृह होतं. वरच्या वाड्यांमधल्या मुली तिथे राहायच्या. एका हिवाळ्यात मुलींनी जेवण सोडलं. म्हणे, माळ्यावर कोणीतरी बाई बसते आणि धापा टाकते. दिवस मावळला की आवाज सुरू होतो. अधीक्षिका मुलींना रागावली, एका आईने येऊन अंगारा लावला, कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी साळवी बाई तिथे गेल्या. मीही गेले. दिवेलागणीला बाई मुलींच्या मधोमध सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, “आता कोणी बोलू नका.” थोड्या वेळाने खरंच वरून आवाज आला. लांबलचक, घशातून ओढल्यासारखा श्वास. बाईंनी शिडी लावायला सांगितली आणि सगळ्यात जास्त घाबरलेल्या मुलीला पुढे घातलं. “तू चढ. मी तुझ्या मागेच आहे.”

माळ्यावर घुबडाची पिल्लं होती. पांढऱ्या तोंडाची, एकमेकांना चिकटून बसलेली. तीच तसा श्वास ओढायची.

खाली आल्यावर मुली लाजून हसायला लागल्या, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. म्हणाल्या, “हसू नका. आवाज खरा होता. तुम्ही खोटं बोलत नव्हता. फक्त कोणाचा, ते माहीत नव्हतं.” त्यांचं हे बोलणं मला तेव्हा फार आवडलं होतं.

त्यांचे यजमान प्रभाकर साळवी. मी त्यांना भाऊजी म्हणे. ते एमआयडीसीत रंगद्रव्यं बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. बाई जितक्या अबोल तितके भाऊजी बडबडे. त्यांच्या नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग असायचा. जिन्यात भेटले की हात पुढे करून म्हणायचे, “वहिनी, ह्या आठवड्यात जांभळा.” बाई घरात शिरताना दिवसभराची शांतता घेऊन यायच्या आणि भाऊजी ती दहा मिनिटांत मोडून टाकायचे. त्यांची वैशाली तेव्हा पाचवी-सहावीत होती. ती वडिलांवर गेली होती.

हॉलला रंग लावायचा ठरला तेव्हा भाऊजींनी जाहीर केलं की राखाडी लावायचा. इमारतीत सगळ्यांकडे पिस्ता नाहीतर क्रीम. शेजारणी म्हणाल्या, राखाडी कोण लावतं घराला? भाऊजी म्हणाले, “दिवसभर रंगच बघतो हो. घरी आल्यावर डोळ्यांना काही नको.” मग राखाडीतही दोन निघाले. एकात निळ्याची झाक होती, दुसऱ्यात मातीची. रफीकभाई म्हणून आमचे नेहमीचे पेंटर होते. त्यांनी रविवारी येऊन हॉलच्या मोठ्या भिंतीवर दोन्हींचे चौकोन काढून दिले, उघडलेल्या वर्तमानपत्राएवढे. डावीकडे निळसर, उजवीकडे मातकट. बाई तेव्हा बाजारात गेल्या होत्या. मग चार-पाच दिवस दोघांचं तेच चाललं होतं. सकाळच्या उजेडात बघायचं, ट्यूब लावून बघायचं. भाऊजी मला वर बोलावून विचारायचे, “वहिनी, तुम्ही मराठीच्या. ह्याला काय म्हणाल आणि त्याला काय म्हणाल?”

दिवाळीची सुट्टी होती. भाऊजी कंपनीच्या कामासाठी मोटारसायकलने खेडला निघाले. दुपारी आमच्याकडे फोन आला. इमारतीत तेव्हा आमच्याकडेच फोन होता. मी जिन्यातून हाक मारली, कमलताई खाली आल्या. त्यांचं बोलणं मी ऐकलं, कारण मी तिथेच शेंगा निवडत बसले होते.

“हो… पोचलात का?… मग पोलादपूरला काय करताय अजून?… हो, दोन्ही वाळलेत… बरं… दुसरा? नक्की ना?… बरं, दुसरा. सांगते रफीकभाईंना… सावकाश जा.”

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, “स्टँडवर चहाला थांबलेत. तिथून फोन केला, रंग ठरला म्हणून.” त्या हसत होत्या. माणूस वाटेत गाडी थांबवून बायकोला भिंतीच्या रंगासाठी फोन करतो, ह्याचं ते हसू होतं.

भाऊजी खेडला पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी कशेडी घाटातल्या एका वळणावर त्यांची मोटारसायकल सापडली. पडलेली नव्हती. रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, किल्ली गाडीलाच. पोलिसांनी दरी पालथी घातली. कारखान्यातली माणसं शिफ्ट संपवून बसने यायची आणि अंधार पडेपर्यंत रानात हाका मारत फिरायची. गावातले भाऊबंद दोर लावून खाली उतरले. एक चप्पल, एक बटण, काही म्हणजे काही मिळालं नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, आजार नव्हता. माणूस गाडीवरून उतरला आणि पुढे त्याचं काय झालं, हे कोणालाच सांगता आलं नाही.

कमलताई रडल्या, पण सगळ्यांच्या समोर नाही. सुट्टी संपल्यावर शाळेत आल्या. एसटी पोलादपूरला थांबली की आमच्याबरोबरच उतरायच्या. गाडी पुढे कशेडीकडे निघून जायची, ती दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या राहायच्या आणि मग शाळेकडे वळायच्या.

रफीकभाई काही महिन्यांनी विचारायला आले. अर्धवट काम त्यांच्याही जिवाला लागलं होतं. बाई म्हणाल्या, “दुसरा लावा. उजवीकडचा.”

रफीकभाई म्हणाले, “उजवीकडचा तर पयला, बाई. त्याचा डबा आधी उघडला ना. साहेब समोर खुर्चीवर होते. म्हणाले, हा पयला. मग निळा मारला, तर म्हणाले, आता दुसरा बघू.”

मी तिथेच होते. बाई भिंतीकडे बघत राहिल्या. डावीकडून मोजलं तर मातकट दुसरा, लावल्याच्या क्रमाने निळसर दुसरा. फोनवर त्यांनी ‘बरं, दुसरा’ म्हटलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मातकट होता. भाऊजींच्या डोळ्यांसमोर कुठला होता, ते विचारायला आता कोणी नव्हतं. त्यांनी रफीकभाईंना परत पाठवलं. मला म्हणाल्या, “मंगल, त्यांनी शेवटचं जे सांगितलं ते मी ऐकलं, पण ते काय होतं ते मला माहीत नाही.”

तेव्हापासून घरी येईल त्याला त्या विचारायला लागल्या, “ह्यातला कुठला लावावा?” गॅसवाला असो, शाळेतले शिक्षक असोत. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं जमायची तेव्हा त्यांच्या गावाकडचे पाहुणे हॉलभर गाद्या टाकून झोपायचे. त्या सगळ्यांनाही विचारून व्हायचं. लोकांना आधी संकोच वाटे, मग ते विचार करून एक कुठला तरी सांगत.

त्यात एक चमत्कारिक गोष्ट पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आली. मुख्याध्यापक भेटायला आले होते, ते ‘निळसर’ म्हणाले होते. काही दिवसांनी शाळेत विषय निघाला, तर म्हणाले, “मी तर मातकट म्हटलं होतं.” बाईंनी वाद घातला नाही. नंतर मला म्हणाल्या, “सगळ्यांचं असं होतं. दारातून बाहेर पडले की उलटं आठवतं.” मी म्हटलं, लोक विसरतात. त्यांनी विचारलं, “तू काय म्हटलं होतंस?” मी मातकट म्हटलं होतं, मला पक्कं आठवत होतं. त्या वैशालीकडे वळल्या. वैशाली अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, “मावशी, तुम्ही निळसर म्हणालात. बोट लावून दाखवलंत.” भिंतीवर माझ्या बोटाची तेलकट खूण होती. निळसर चौकोनावर. पुढच्या दिवाळीतले अनारसे घेऊन मी वर गेले होते तेव्हाची.

त्यानंतर त्या हॉलमध्ये बसताना मला बरं वाटेना. ते दोन चौकोन नुसते रंग राहिले नव्हते. संध्याकाळी वीज गेली की त्यातला एक जरा पुढे आल्यासारखा वाटे, पण कुठला ते घरी आल्यावर आठवत नसे. कमलताई तर भिंतीकडे पाठ करून कधी बसत नसत. वह्या तपासतानाही खुर्ची तिरकी करून घेत.

त्यांच्या सासूबाई पोलादपूरच्या पलीकडच्या गावात धाकट्या मुलाकडे राहायच्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. मुलगा गेल्यापासून त्या महाडला आल्या नव्हत्या. एका मार्चमध्ये आल्या. दुपारची वेळ, बाहेर रणरणतं ऊन. माणसं तळ्यावर गेलेली, घरात आम्ही दोघी आणि म्हातारी. भिंतीला हात लावत लावत ती हॉलमध्ये फिरत होती, नवं घर आंधळी माणसं ओळखून घेतात तशी. मोठ्या भिंतीशी थांबली.

“वला हाय गो ह्यो,” ती म्हणाली.

“काय, आई?”

“रंग. आताच लावलाय कुनी.”

तिचा हात निळसर चौकोनावर होता. तिने तो आमच्याकडे केला. चारही बोटांची टोकं राखाडी झाली होती. ओल्या रंगाला येते तशी चकाकी होती त्यांना.

कमलताईंनी तिचा हात धरून जवळून बघितला, वास घेतला. मग स्वतः चौकोनावर हात फिरवला. कोरडा. मलाही हात लावायला लावला. कोरडा, खरखरीत, वर्षांची धूळ असलेला. त्यांनी पांढरा रुमाल आणून जोरात घासला. रुमालाला धुळीशिवाय काही लागलं नाही. म्हातारीची बोटं मात्र ओलीच होती. ताईंनी ती रॉकेलच्या फडक्याने पुसली तेव्हा कुठे निघाली.

म्हातारी शांत होती. खाली बसता बसता म्हणाली, “लावतोय तर पुरा लावू दे त्याला. अर्दा कशाला ठेवलाव?”

मी ताईंना जिन्यात विचारलं, “काय होतं हो ते?” मला त्यांनी काहीतरी कारण द्यायला हवं होतं. ओल, चुना, काहीही. त्या म्हणाल्या, “बघितलं मी. तूही बघितलंस. कारण माहीत नाही.” आणि हे बोलताना त्यांचा आवाज वर्गात असतो तसाच होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तरीही त्यांनी रंग लावला नाही. एका म्हातारीच्या बोटांवरून ठरवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्षं गेली. वैशालीचं कॉलेज झालं, पनवेलला नोकरी लागली, तिथेच लग्न ठरलं. मुलाकडची माणसं घर बघायला यायची होती. त्या आठवड्यात वरून आवाज यायला लागले. त्या घरातून मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी वर गेले तेव्हा वैशाली भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही चौकोनांच्या मधोमध.

“आई, कुठलाही लाव. पण लाव. बाबा गेले तेव्हापासून तू ह्या भिंतीकडे बघत्येस. मी इथेच होते ना? माझ्याकडे कधी बघितलंस?”

कमलताई खूप वेळ मुलीकडे बघत राहिल्या. चेहरा, केस, हात, पाय. जणू पहिल्यांदाच बघत होत्या. मग म्हणाल्या, “उंच झालीस.” वैशाली रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी रफीकभाई आले. मी विचारलं, “ठरला?”

“मातकट. फोनवर ऐकलं तेव्हा मला जो समजला, तो. चुकलं असेल तर सांगतील.”

“कोण?”

त्या हॉलमधल्या खुर्च्या बाहेर ओढायला लागल्या होत्या.

हॉल मातकट झाला. दोन हात मारले. वाळला तेव्हा छान दिसत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निळसर चौकोन वर आला. फिकट नाही, चारही कडा सरळ, जणू कोणी पट्टीने आखला होता. रफीकभाईंनी घासून काढला, प्रायमर मारला, परत रंग दिला. पुन्हा आला. ते म्हणाले, “आत ओल असेल.” त्यांनी प्लास्टर खरवडून बघितलं. आत कोरडं ठणठणीत होतं. त्यांनी लुकण भरलं, पुन्हा रंग दिला, आणि आम्ही बघत असतानाच तो हळूहळू वर आला, पाण्यात बुडवलेला कागद वर यावा तसा. रफीकभाईंनी ब्रश डब्यात ठेवला. “बाई, हे माझ्या हातचं नाय,” म्हणाले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

वैशाली माझा हात घट्ट धरून उभी होती. कमलताई भिंतीजवळ गेल्या. चौकोनावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या. मग आमच्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, फोन ठेवल्यावर होतं ते हसू होतं. इतक्या वर्षांत ते मी विसरूनच गेले होते.

“दुसरा म्हणजे हा,” त्या म्हणाल्या. “लावल्याच्या क्रमाने.”

रफीकभाईंची समजूत काढून त्यांना वर आणलं. सगळा हॉल निळसर केला. मातकट चौकोन वर आला नाही. वैशालीने रोज सकाळी उठून बघितलं. लग्नाची बोलणी त्याच हॉलमध्ये झाली. मुलाची आई म्हणाली, रंग किती शांत आहे. कमलताईंनी तिला कुठला लावावा असं विचारलं नाही. पुढे त्या कोणालाच काही विचारेनाशा झाल्या. भिंतीला पाठ लावून बसायच्या, वैशालीशी फोनवर तासन्तास बोलायच्या. शाळेतल्या मुली म्हणायच्या, साळवी बाई आता वर्गात हसतात.

निवृत्त झाल्यावर त्या पनवेलला मुलीकडे जायला निघाल्या. सामान आदल्या दिवशी टेम्पोने गेलं होतं. सकाळी वैशाली खाली रिक्षात बसून हाका मारत होती. मी निरोप द्यायला वर जात होते तर त्या दारातच दिसल्या. खांद्याला पिशवी, हातात कुलूप. त्या बाहेर आल्या होत्या, पण दार ओढलं नव्हतं. एका हाताने ते उघडं धरून उभ्या होत्या. मला वाटलं, काही राहिलं असेल. पण त्या आत बघत नव्हत्या, काही आठवत नव्हत्या. नुसत्या दार धरून थांबल्या होत्या. मग दार ओढलं, कुलूप लावलं, माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, “येते गं मंगल.”

आमचा जिना अरुंद. त्या कठड्याच्या बाजूने, अगदी कडेने उतरायला लागल्या. भिंतीकडची बाजू मोकळी होती. मी त्यांना वाट द्यायला मागे सरले आणि पार कोपऱ्यात, पाण्याच्या पाइपाला टेकेपर्यंत गेले. त्या खाली पोचल्या, रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, तरी मी तशीच अंग चोरून उभी होते. एका माणसाला जायला जेवढी लागते त्याच्या दुप्पट जागा मी सोडली होती.